घाबरणाऱ्या मुलीला धीर देताना या चुका टाळा

उत्तर येत असूनही हात वर न करणारी आणि हजेरीत आवाज कापेल या धास्तीने आपला क्रमांक येईपर्यंत ‘प्रेझेंट’ मनात घोकत बसणारी मुलगी पाहिली, की मोठी माणसे बहुधा तिला सगळ्यातून सोडवतात, नाहीतर एकदम पुढे ढकलतात.

सोडवण्याची चूक अधिक घातक आहे, कारण ती मायेपोटी होते. तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी ठेवले, तर तिला लगेच हायसे वाटते. पण ‘टाळले म्हणून वाचले’ हे मनात पक्के बसते आणि पुढच्या वेळी भीती वाढते. (ती पोटदुखी खरी असते, तिला नाटक म्हणू नये.) भीती गेली की बोलेन, असे तिला वाटते, प्रत्यक्षात बोलत गेल्यावर भीती ओसरते. म्हणून आधी तास संपल्यावर शिक्षकांना एकच शंका विचारणे, मग जागेवरून उत्तर वाचून दाखवणे आणि ते अंगवळणी पडल्यावरच फळ्यासमोर जाणे, अशा पायऱ्या ठरवाव्यात. एखादी जमली नाही, तर ती आणखी लहान करावी. तिला न विचारता वक्तृत्व स्पर्धेत नाव देणे मात्र कटाक्षाने टाळावे.

‘सगळे माझ्याकडेच बघतात’ हे तिचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. किशोरवयातील या भावनेला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटले. थॉमस गिलोविच व सहकाऱ्यांच्या 2000 मधील प्रयोगात, लाजिरवाणा टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांना खोलीतील निम्म्या जणांनी तो पाहिला असेल असे वाटले; प्रत्यक्षात जवळपास चौथाईच लोकांच्या लक्षात आला होता. हे तिला जरूर सांगावे.

पाहुण्यांसमोर ‘आमची लाजाळूच आहे’ म्हणणेही सोडावे. मितभाषी असणे हा दोष नाही. तिला बडबडी करणे हे उद्दिष्टच नव्हे. चूक झाल्यावर मैत्रिणीला जे शब्द वापरेल, तेच तिने स्वतःला वापरावेत, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झाले.

मात्र भीतीपायी शाळा बुडत असेल, झोप किंवा जेवण बिघडले असेल किंवा त्रास अनेक महिने टिकला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी.