पाणंदी दाखवणारं ॲप

चोपडा ते यावल सायकलने जाताना मला ट्रकांची वर्दळ नको होती, केळीच्या बागांमधल्या पाणंदी हव्या होत्या. नेहमीचं नकाशाचं ॲप मात्र फिरून फिरून हमरस्त्यावरच आणायचं. शेवटी ओएसएमअँड घेतलं. नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज गेली की हेच कामाला येतं. सायकल प्रोफाइल निवडलं, कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय बंद केला, मार्गाच्या रेषेला पृष्ठभागानुसार रंग दिला. कच्चं कुठे, पक्कं कुठे, निघण्याआधीच दिसतं! नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच वाटांना पृष्ठभागाची नोंदच नाही. तिथे उपग्रहचित्र बघा आणि परतल्यावर नोंद जरूर भरा. पावसाळ्यात काळ्या मातीची पाणंद मात्र घेऊ नका. मडगार्डात चिखल बसला की चाक फिरत नाही.