पोर्टफोलिओ लावताना आधी चित्रं कमी करा

कला महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले की मुलं माझ्याकडे पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या चित्रांचा संच, घेऊन येतात. तीस-चाळीस चित्रं, त्यातली निम्मी इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेसाठी घोटलेली. मी सगळी जमिनीवर मांडायला लावते आणि त्यातली फक्त पंधरा उचलायला सांगते. खूप मेहनत घेतली होती एवढ्यासाठीच ठेवावंसं वाटणारं चित्र बाजूला काढा. फोटोवरून उतरवलेले नटनट्यांचे चेहरेही.

त्यांच्या जागी स्केचबुकची पानं येऊ द्या. एका मुलीने दादरच्या फुलबाजारात पहाटे बसून झेंडूची पाटी डोक्यावर घेतलेली बाई चार वेळा काढली होती. पहिल्या तिन्हींत पाटी नुसतीच डोक्यावर टेकवल्यासारखी दिसत होती. चौथ्यात मानेची शीर ताणली गेली, एक खांदा खाली आला आणि पाटीला वजन आलं. मी चारही पानं ठेवायला लावली, तारखांसकट. नजर कशी तयार होत गेली, हे बघणाऱ्याला त्यातूनच कळतं, आणि मला तरी तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

कोळशाने काढलेल्या चित्रांवर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारा, मध्ये बटर पेपर घाला. फोटो काढायचे तर खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, ट्यूबलाइट बंद करून. फोन कागदाला समांतर धरा.

प्रत्येक चित्राखाली माध्यम, आकार आणि वर्ष लिहा. गटात केलेलं काम असेल, तर त्यातलं तुमचं नेमकं काय, तेही स्पष्ट लिहा.