सहावी-सातवीतलं पोर नेमकं कुठं अडतं, ते कसं शोधावं

पोर अभ्यासात मागं पडलं की आपण शिक्षक घराला नाहीतर आधीच्या शाळेला बोल लावतो. पण 'घरी वातावरणच नाही' असं म्हटलं की विषय संपतो आणि हाती काहीच लागत नाही. घर म्हणजे वेळ, भाषा, बसायला जागा आणि विचारणारं माणूस. आधीची शाळा म्हणजे तिथं लागलेल्या सवयी. यातलं काय आडवं येतंय हे प्रत्येक लेकराचं वेगळं, म्हणून आधी शोधायचं.

सुरुवात हजेरीपटापासून करा. मागच्या दोन महिन्यांच्या प्रत्येक खाड्यापुढे वार लिहा. खाडे बाजाराच्याच दिवशी पडत असतील तर पोर बहुधा घरी धाकटी भावंडं सांभाळतंय. त्या दिवशी नवा पाठ घेऊ नका, उजळणी घ्या. दिवाळी ते संक्रांत सलग खाडे असतील तर कापूस वेचणी आहे. अपूर्णांकासारखा पायाचा घटक त्या काळात ठेवलात तर पुढचं सगळं गणित लंगडतं. वार्षिक नियोजन करतानाच तो दिवाळीआधी उरकता येतो. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, तेव्हा त्यासाठी हाताशी साधारण चार महिने असतात.

मग एकेकाला बाजूला घेऊन दहा मिनिटं तपासा, वर्गासमोर नको. चौथीच्या बालभारतीतला एक उतारा वाचायला द्या. दहा शब्दांत एकाहून जास्त ठिकाणी अडखळलं तर सातवीचं पुस्तक त्याला अजून जड आहे. घडाघडा वाचलं पण 'काय वाचलं, सांग' म्हटल्यावर गप्प, तर ती बरेचदा सामूहिक वाचनाची देणगी असते. आवाज चालतो, अर्थ मागे राहतो.

त्यानंतर ६१२ ला ६ ने भागायला द्या. बरीच पोरं १२ लिहितात. पाढा येतो, चूक दशकाच्या घरात होते, म्हणून आणखी वीस भागाकार दिले तरी उपयोग नाही. शंभराच्या ६ नोटा, दहाची १ आणि रुपयाची २ नाणी द्या (कागदाची चालतील) आणि सहा जणांत वाटायला सांगा. शंभराच्या नोटा एकेक गेल्या. दहाची नोट सहा जणांत जात नाही, म्हणून दशकाच्या घरी शून्य मांडायचं. ती मोडून नाणी झाली १२, प्रत्येकाला २. उत्तर १०२. शून्य कुठून आलं हे त्यांनी हाताने पाहिलेलं असतं.

वहीत 'शाया', 'डोया' दिसलं की लाल पेन उचलू नका. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो, लेकरू ऐकतं तसंच लिहितं. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द असे दोन रकाने आखा, रोज पाच शब्द. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या लेकरांना मराठी ही दुसरी भाषा आहे. त्यांना आधी आपसात आपल्या बोलीत बोलू द्या, मग मराठीत लिहू द्या.

सगळ्यात चिवट सवय उतरवण्याची. द्विशिक्षकी शाळेत एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला फळ्यावरची प्रश्नोत्तरं लिहायला लावावी लागतात. त्यात गुरुजींचा दोष नाही, पण चार वर्षांत पोराच्या डोक्यात 'अभ्यास म्हणजे उतरवणं' पक्कं होतं. तोडायची रीत: एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, मनातून तीन ओळी लिहा, पुस्तक उघडून पेन्सिलने दुरुस्त करा. तेच तिसऱ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा. पहिले दोन आठवडे ओळी भंगार येतील. गुण देऊ नका, नाहीतर पोरं पुन्हा गाइड काढतील.

पालकांना 'अभ्यास घ्या' म्हणू नका. न शिकलेली माय त्याने खजील होते आणि पुढच्या सभेला येत नाही. सभाही वेचणीच्या दिवसांत सकाळी ११ ला ठेवू नका, संध्याकाळी ७ ला ठेवा. मायला एवढंच सांगा: 'भाकरी टाकता टाकता लेकराले इचारा, आज काय शिकोलं? मंग पुढं?' दहा मिनिटं पुरतात, आणि तिला अक्षर येण्याची गरज नाही. बापाला सांगा, मजुरीचा हिशेब पोराकडून करून घ्या. ३७ किलो कापूस वेचला, किलोला १० रुपये, हे पोर तोंडी झटक्यात सांगतं. तेच वहीत मांडायला लावा.

सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर शेवटच्या बाकावरून फळा वाचायला लावा आणि पाठीमागून हळू हाक मारून बघा. नजरेची किंवा कानांची शंका आली तर शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला त्या लेकराचं नाव आधीच देऊन ठेवा.