विक्रीच्या दबावाखाली दुकान सांभाळताना या चुका टाळा

दादर पश्चिमेला तयार कपड्यांच्या दुकानाची जबाबदारी सांभाळताना दर दोन तासांनी एरिया मॅनेजरचा "किती झाले?" असा फोन येई, आणि भवानी होण्याआधीच संध्याकाळच्या आकड्याची धास्ती बसे. त्या धास्तीपोटी माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या आज हे काम करणाऱ्यांनी तरी करू नयेत, असे मनापासून वाटते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आकडा का घसरला हे न पाहता कर्मचाऱ्यांना फैलावर घेणे. दिवसाची विक्री तीन गोष्टींवर ठरते : दुकानात किती माणसे आली, त्यांतून किती बिले झाली आणि सरासरी बिल किती रुपयांचे झाले. समजा २०० माणसे आली, ५० बिले झाली आणि सरासरी बिल १,२०० रुपयांचे असेल, तर गल्ला ६०,००० रुपयांचा होतो. दुसऱ्या दिवशी तो ४८,००० वर आला आणि माणसेच १६० आलेली असतील, तर ४० बिले करणाऱ्या मुलामुलींनी आदल्या दिवसाइतकेच चांगले काम केलेले असते. माणसे मात्र २०० येऊनही बिले ४० च झाली असतील, तर दोष दुकानाच्या आत शोधावा लागतो.

एकदा अशीच बिले घटली, तेव्हा मी दुपारी सर्वांना उभे करून नको ते बोललो. रात्री ट्रायल रूमबाहेरच्या दांडीवर परत आलेल्या शर्टांच्या घड्या घालताना लक्षात आले, की जवळपास प्रत्येक शर्ट ४२ नंबरचा होता. ३८ आणि ४० नंबर केव्हाच संपले होते, आणि ग्राहक रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून सेल्समन बिचारे "जरा सैल बसेल, पण छान दिसेल" असे सांगून ४२ नंबर पुढे करत होते. गोदामाकडे मागणी नोंदवण्याचे काम माझे होते आणि ते मी केलेले नव्हते.

दुसरी चूक टार्गेट ठरवणाऱ्यांची असते, पण ती मुकाट्याने मान्य करणे ही आपली. गेल्या वर्षीच्या महिन्याशी या वर्षीचा तोच महिना ताडून पाहिला जातो. सण मात्र तिथीने येतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, म्हणजे गणपतीची खरेदी एका महिन्यातून उठून दुसऱ्या महिन्यात गेली. महिन्याचे टार्गेट येताच पंचांग उघडून सणांचे आणि पितृपक्षाचे दिवस दाखवून द्यावेत. रविवारचा मेगाब्लॉक आणि रुळांवर पाणी साचलेले दिवसही वहीत नोंदवावेत, कारण वर्षभराने ते कोणालाच आठवत नाहीत.

महिनाअखेरीस एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइल क्रमांकावर बिल फाडायचे आणि १ तारखेला माल परत घ्यायचा, हा प्रकार तर कधीच करू नये. नवा महिना उणे आकड्याने सुरू होतो, मालाचा हिशेब बिघडतो आणि पुढच्या वर्षीचे टार्गेट त्या खोट्या आकड्यावर चढवले जाते. शिवाय प्रमुखानेच एकदा असे केले, की कॅश काउंटरवरच्या मुलाला कोणत्या तोंडाने अडवणार?

सणाच्या हंगामात सुट्ट्या रद्द करण्याचा मोहही आवरावा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्याने आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन दिले आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी विरार किंवा बदलापूरहून लोकलमध्ये उभ्याने येणारी मुलगी दिवसभर फ्लोअरवरही उभीच असेल, तर ऐन गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सातला, तिच्या चेहऱ्यावर हसू कुठून येणार? रविवारी सुट्टी देता येत नसेल, तर मंगळवार-बुधवारच्या पाळ्या महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून लावाव्यात.

राहता राहिला तो फोन. नुसता आकडा सांगून शिव्या खात बसण्यापेक्षा कारण आणि मागणी एका दमात सांगावी : "साहेब, दोनशे माणसे आली, पण ३८ आणि ४० नंबर नसल्याने चाळीसच बिले झाली, उद्या सकाळी माल पाठवा." त्यासाठी शटर ओढण्यापूर्वी ग्राहकांनी मागितलेला पण दुकानात नसलेला प्रत्येक नंबर वहीत उतरवून ठेवावा.