मॉडेल ए पिकअपच्या छताचा लाकडी सांगाडा कसा बदलावा

फोर्ड मॉडेल ए च्या बंद केबिनच्या पिकअपचं (1928 ते 1931) काळं छत वरून कितीही भक्कम दिसलं तरी त्याखाली पत्रा नसतो. रेक्झिन, मांजरपाट, कापसाचा थर, जाळी आणि या सगळ्याला उचलून धरणारा लाकडाचा सांगाडा, एवढंच असतं. एवढा रुंद पत्रा अखंड ओढून छताचा आकार देणं त्या काळच्या प्रेसना जमत नव्हतं. जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणलं ते 1935 च्या मॉडेलांत, फोर्डच्या मोटारींना ते 1937 मध्ये मिळालं. फोर्डची कंपनी मुंबईत 1926 पासून होती, त्यामुळे या पिढीच्या गाड्या आपल्याकडेही भेटतात. आणि आपल्या पावसात त्यांचं पहिलं कुजतं ते हेच लाकूड.

“वरून पत्रा वेल्ड करून टाका, कटकट मिटेल” हा सल्ला तुम्हाला मिळेलच. ऐकू नका. सपाट पत्रा चालत्या गाडीत ढोलासारखा वाजतो, उन्हात केबिन तापते, आणि आतलं कुजकं लाकूड तसंच राहिल्यामुळे दारांजवळचे खांब हलायचे ते हलतातच. कुजलेल्या भागात लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं हा त्याहून वाईट सल्ला. त्या पुट्टीत रेक्झिन ठोकायची चूक (बारीक खिळा) धरत नाही.

लाकूड कोणतं घ्यावं? अमेरिकेत मिळणारी किट बहुधा अॅश नावाच्या चिवट लाकडाची असतात. आपल्याकडे अॅश सहज मिळत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारं लाकूड म्हणजे तुती. हॉकीच्या काठ्या तुतीच्या करतात त्या तिच्या चिवटपणामुळे. जाड, सरळ रेषांची तुती मिळाली तर छताच्या आडव्या कमानींसाठी तीच घ्या. बाजूच्या पट्ट्यांना जुना, मुरलेला साग उत्तम. मात्र साग तेलकट असतो, म्हणून सरस लावण्याआधी जोड थिनरने पुसा आणि चुका ठोकण्याआधी बारीक भोकं पाडा, नाहीतर कड चिरते. प्लायवूडच्या कडेत चुका टिकत नाहीत, त्यामुळे प्लाय फक्त फर्म्यापुरतं, म्हणजे माप उतरवायच्या नमुन्यापुरतं. ओलं लाकूड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास हवा.

जुनं रेक्झिन, कडेची मोल्डिंग आणि अस्तर काढा. मोल्डिंग वाकवू नका, तशी पुन्हा मिळवणं अवघड असतं. फोटो काढून ठेवा.

आता थांबा, कारण पुढचा टप्पा खरा अवघड आहे. माझा सगळ्यात जास्त वेळ नेहमी इथेच जातो, आणि बिघडलेली बहुतेक कामं मी पाहिली ती इथेच बिघडलेली. केबिनच्या वरच्या भागाचा पत्रा पातळ असतो आणि तो लाकडाचं ऐकतो. लाकूड काढलं की खांब आपापल्या दिशेला सरकतात. मग नवं लाकूड त्या सरकलेल्या पत्र्याच्या मापाने बसवलं जातं, स्क्रू आवळले जातात आणि दार कायमचं वाकडं होऊन बसतं. म्हणून दारं उतरवायची नाहीत. “दारं काढली की हात नीट पोचतो” असं म्हणणाऱ्याने हे काम केलेलं नाही. दार हेच तुमचं माप आहे.

पहिल्यांदा चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि केबिन यांच्यामधले ठोकळे व पट्ट्या तपासा. तिथलं एखादं बोल्ट ढिलं असेल किंवा ठोकळा दबला असेल, तर वर कितीही कारागिरी केलीत तरी दाराची फट जुळणार नाही. ते आवळून झालं की गाडी सपाट फरशीवर घ्या आणि दारं बंद करा. खिडकीच्या खालच्या रेषेवर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत लोखंडी अँगलचा आडवा धीर (आधार) द्या, एक तिरपाही द्या. मग वरच्या चार कोपऱ्यांचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहा, कागद हरवतो. कर्ण सारखे नसतील तर ते आधी सारखे करा, लाकडाला हात नंतर लावा.

सगळं लाकूड एकदम काढू नका. एक बाजू काढा, नवी पट्टी बसवा, मग दुसऱ्या बाजूला जा. फर्मा जुन्या लाकडावरून कापू नका, ते आक्रसलेलं आणि कुजून कमी झालेलं असतं. फर्मा पत्र्यावरून घ्या: पातळ प्लायची पट्टी पत्र्याला आतून टेकवा आणि कंपासने पत्र्याची रेघ तिच्यावर उतरवा. पत्र्यातली जुनी स्क्रूची भोकं लाकूड कुठे होतं ते नेमकं सांगतात. बाहेरून भोकात आर (टोचणी) घालून फर्म्यावर टोचा. ते ठिपके पट्टीच्या मधोमध आले तर तुम्ही बरोबर आहात. कडेला गेले तर पट्टी वर किंवा खाली बसते आहे, पुन्हा कापा.

पट्टी बसवताना स्क्रू अर्धेच आवळा. दाराच्या वरच्या कडेत आणि मागच्या कडेत कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारख्याच जोराने ओढली गेली पाहिजे. वर घट्ट आणि खाली मोकळी असेल तर खांब झुकला आहे. अशा वेळी स्क्रू आवळून फट मिटवायचा मोह होतो. ते करू नका. स्क्रूने पत्रा आत येतो, पण खांबावरचा ताण तसाच राहतो आणि पहिल्या खडबडीत रस्त्यावर दार पुन्हा अडकतं. लाकूड उतरवा, रंधा मारा किंवा पातळ पाचर घाला, पुन्हा लावा. कंटाळा येईपर्यंत हे करावं लागतं.

पुढची आडवी पट्टी, म्हणजे काचेच्या वरची, सर्वांत जास्त फसवते. ती दोन मिलीमीटर जरी लांब झाली तरी दोन्ही पुढचे खांब बाहेर ढकलले जातात. ती किंचित लांब कापा आणि दोन्ही टोकांनी थोडी थोडी घासत आणा. टोकं नुसती टेकली पाहिजेत, ठोकून बसवायची गरज पडता कामा नये.

दोन्ही बाजू जुळल्या, कर्ण भिंतीवरच्या आकड्यांशी मिळाले की मग कमानी. त्या रुंद फळीतून कापल्या तर टोकांना रेषा आडव्या येतात आणि तिथेच मोडतात. मी तीन-चार मिलीमीटरच्या चिपा सरस लावून साच्यावर आवळतो, त्या मजबूत होतात. सरस पाण्यात टिकणारा हवा. कमानी जागेवर ठेवून त्यांच्यावरून पुढून मागे एक लवचिक पट्टी टाका. कुठेही खालून उजेड दिसला किंवा पट्टी उचलली गेली तर ती कमान बदला. खोलगट जागा राहिली की तिथे पाणी साचतं आणि रेक्झिन तिथूनच जातं.

कापलेल्या टोकांना आणि भोकांच्या आत वाळवीविरोधी औषध, मग तेल. लाकूड आणि पत्रा यांच्यात नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी ठेवा, कुरकुर थांबते. सिलिकॉन किंवा फोम मुळीच नको, त्यात पाणी अडकून नवं लाकूड सडतं.

कमानींवर पुढून मागे जाणाऱ्या फळ्या स्क्रूने बसवा, वर कोंबड्यांची जाळी, तिच्यावर कापूस, मग मांजरपाट. रेक्झिन उन्हात तापवून पुढच्या आणि मागच्या मध्यापासून ताणत या, बाजू शेवटी. हा टप्पा चांगल्या हूडवाल्याकडे दिला तरी चालेल, फक्त त्याच्यासमोर उभे राहा आणि मोल्डिंगचे खिळे जुन्याच भोकांतून जाताहेत ना ते पाहा. मोल्डिंगखाली सीलंटची बारीक रेघ द्या, आणि पाऊस येण्याआधी नळीने पाणी मारून आतून हात फिरवा.