महागड्या ब्रँडची ओढ : घेण्यापूर्वी काय तपासावे, नकार कसा द्यावा

नाशिकमध्ये लुई व्हिताँचे किंवा गुचीचे दालन नाही. त्यासाठी मुंबई गाठावी लागते. तरीही कॉलेज रोडवरील कॅफेत, गंगापूर रोडवरील लॉन्समध्ये लागणाऱ्या लग्नात किंवा इंदिरानगरातील एखाद्या सोसायटीतल्या वाढदिवसाला या नावांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. फोन, घड्याळ, बूट, पर्स, गॉगल आणि गाडी यांवरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय शहरात चांगलीच रुळली आहे. अशी एखादी वस्तू घ्यावीशी वाटू लागली की दुकानात जाण्यापूर्वी काय तपासावे, घ्यायची नसेल तर घरच्यांना व पाहुण्यांना कसे सांगावे आणि घ्यायचीच असेल तर ती कशी घ्यावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

दबाव कोणाचा, हे आधी लिहून काढावे

‘समाजाचा दबाव’ असे आपण मोघमपणे म्हणतो. मात्र कागद घेऊन बसल्यास हा समाज फार लहान निघतो. ही वस्तू माझ्याकडे आहे हे कोणाकोणाला कळावे असे मला वाटते, या एकाच प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहावे. एखादा चुलत दीर, ऑफिसातील दोघे, वरच्या मजल्यावरचे एक कुटुंब, मुलाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधील काही पालक, यापलीकडे यादी सहसा जात नाही. प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती वर्षातून किती वेळा भेटते हेही लिहावे. अडचणीच्या वेळी आपण ज्यांना पहिला फोन करू, त्यांची नावे या यादीत बहुधा नसतात, आणि ही गोष्ट कागदावर दिसल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही.

त्यानंतर प्रसंग लिहावा. इच्छा भावकीतील लग्नाच्या, शाळेच्या स्नेहमेळाव्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर उमटली असेल, तर निर्णय तो प्रसंग पार पडून पुढचा पगार होईपर्यंत राखून ठेवावा. तोपर्यंत ओढ टिकली, तर ती निदान त्या एका मांडवापुरती नव्हती एवढे तरी निश्चित होते.

इच्छेची जात ओळखण्यासाठी अर्थशास्त्रातील एक जुने वर्गीकरण उपयोगी पडते. संपत्ती दिसावी यासाठी केलेल्या खर्चाचे विश्लेषण अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये केले होते. पुढे १९५० मध्ये हार्वे लायबेन्स्टाइन यांनी अशा मागणीचे तीन प्रकार वेगळे केले : सर्वांकडे आहे म्हणून हवी असलेली वस्तू, फारशी कोणाकडे नाही म्हणून हवी असलेली वस्तू आणि महाग आहे म्हणूनच हवी असलेली वस्तू. आपली इच्छा यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे ठरवल्यास पुढची वाट सोपी होते. पहिल्या प्रकारात मागे पडण्याची भीती असते आणि तेच काम करणारी साधी वस्तू घेऊन ती बरीचशी शमते. दुसऱ्या प्रकारातील समाधान शेजारी तीच वस्तू घेईपर्यंतच टिकते, त्यामुळे त्यावर मोठी रक्कम लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण तेथे किंमत हाच वस्तूचा गुण ठरतो आणि ‘तसेच स्वस्तात मिळते’ हा युक्तिवाद निरुपयोगी होतो. तेथे फक्त हिशेब चालतो.

इन्स्टाग्रामवर पाहून मन वळले असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. जाहिरातदाराकडून पैसे, भेटवस्तू किंवा सवलत मिळाली असल्यास ते ठळकपणे सांगणे इन्फ्लुएन्सरवर बंधनकारक आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये त्याविषयी स्पष्ट सूचना प्रसिद्ध केल्या. व्हिडिओवर ‘ॲड’, ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘पेड पार्टनरशिप’ असे लिहिले असेल, तर आपण जाहिरात पाहत आहोत हे समजून पुढे जावे.

किंमत पगाराशी नव्हे, शिलकीशी मोजावी

‘माझ्या तीन-चार पगारांत येईल’ हा हिशेब फसवा असतो, कारण पगारातील मोठा भाग घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, किराणा, शाळेची फी आणि औषधपाणी यांत आधीच गेलेला असतो. अंबड किंवा सातपूरच्या कंपनीत महिना ४०,००० रुपये मिळवणाऱ्या व्यक्तीच्या हाती सर्व खर्चानंतर १०,००० रुपये उरत असतील, तर १,४४,००० रुपयांचा फोन तिच्यासाठी साडेतीन पगारांचा नसून चौदा महिन्यांहून अधिक काळच्या संपूर्ण बचतीचा आहे. हाच फोन विनाव्याज २४ हप्त्यांत घेतला तरी महिना ६,००० रुपये जातात आणि दोन वर्षे शिल्लक ४,००० रुपयांवर येते. त्या दोन वर्षांत घरात एखादे आजारपण निघाल्यास काय करणार, याचे उत्तर दुकानदाराने द्यावयाचे नसते.

‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांवरही विसंबू नये. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आजच्या योजनांत बहुधा व्याजाइतकी सूट किमतीत दाखवली जाते. पण त्या व्याजावरील जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी राहू शकते. शिवाय रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत हप्त्यांवर मिळत नसेल, तर तेवढे व्याज आपण भरलेच. म्हणून दुकानात ‘आज पूर्ण पैसे दिले तर किती?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि हप्त्यांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहावी. क्रेडिट कार्डाचे बिल पुढे ढकलणे याहूनही महाग पडते. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरल्यास ६०,००० रुपयांच्या थकबाकीवर एका महिन्यात २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८ रुपये, असे २,४७८ रुपये चढतात. दर महिन्याला केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास मूळ कर्ज फारसे हलत नाही.

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातील द्राक्ष बागायतदारांचा हिशेब पगारदारांपेक्षा वेगळा आहे आणि तो अधिक सावधपणे करावा लागतो. वर्षाचे पैसे हंगामात एकदम हाती येतात, शेजाऱ्याच्या दारात नवी एसयूव्ही उभी राहते आणि खात्यावरील आकडा गाडीच्या किमतीहून मोठा दिसतो. पण त्या आकड्यात पीककर्जाचा भरणा आहे, एप्रिलची खरड छाटणी आहे, ऑक्टोबरची फळछाटणी आहे, पुढच्या हंगामापर्यंतची खते, औषधे आणि मजुरी आहे. अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने एखादा हंगाम हातचा गेला, तर दुसरे वर्षही त्याच रकमेतून काढावे लागते. त्यामुळे कर्ज फेडून आणि पुढच्या छाटणीपासून माल निघेपर्यंतचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवून जे उरेल, तेवढ्यालाच नफा म्हणावे आणि गाडीचा विचार त्यातूनच करावा. व्यापाऱ्याकडून येणे असलेली रक्कम प्रत्यक्ष खात्यावर जमा होईपर्यंत या हिशेबात धरू नये. समृद्धी महामार्गासाठी इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मोबदल्याला तर हा नियम अधिकच लागू आहे, कारण ती रक्कम उत्पन्न नसून विकल्या गेलेल्या जमिनीचेच दुसरे रूप आहे.

एका वस्तूमागून दुसरी येते, हेही किमतीत धरावे. नवा भारी झगा अंगावर आल्यावर घरातील सारे जुने सामान कसे फिके वाटू लागले, हे फ्रेंच विचारवंत दनी दिदेरो यांनी अठराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. गाडीच्या बाबतीत तर हे अगदी आकड्यांत मांडता येते : बुकिंग करण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला जाऊन तीन वर्षांची सर्व्हिस, विमा आणि टायरचा एक संच यांचा अंदाज लेखी मागावा.

घरात आणि चारचौघांत कसे बोलावे

‘काय वहिनी, अजून तोच फोन?’ या प्रश्नाला कारण देऊ नये. ‘सध्या बजेट नाही’ असे म्हटले की समोरची व्यक्ती हप्त्यांची योजना सांगू लागते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटले की पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणा होते. ‘हा चांगला चालतोय, बदलायचा विचार नाही’ एवढे हसून सांगावे आणि त्यांच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करावी. विचारणाऱ्याला उत्तरात फारसा रस नसतो, असे बहुतेक वेळा आढळते.

मुलांशी मात्र इतक्या थोडक्यात भागत नाही. अकरावीतील मुलाला ब्रँडेड बूट हवे असतील, तर त्याला साधेपणावर व्याख्यान देण्याने काही साधत नाही, कारण वर्गात हिणवले जाण्याचा त्याचा अनुभव खरा असतो. चांगल्या साध्या बुटांसाठी घरातून जेवढे पैसे दिले असते तेवढी रक्कम जाहीर करावी आणि वरचा फरक त्याने स्वतःच्या साठवणीतून घालावा, असे ठरवावे. काही मुले पैसे जमवून बूट घेतात, काहींची हौस जमवता जमवता ओसरते. दोन्ही गोष्टी चालण्यासारख्या आहेत. आपण स्वतः कर्जाने गाडी घेतलेली असताना मुलाला काटकसर शिकवू नये, एवढे पथ्य पाळावे.

लग्नात हा दबाव दोन घरांचा असतो, म्हणून तेथे बोलणी आधी व्हावीत. मानपान, कपडे, दागिने आणि नवरदेवाचे घड्याळ यांच्या रकमा याद्या करतानाच ठरवून कागदावर घ्याव्यात. कापडखरेदीला दहा जण दुकानात बसलेले असताना आकडा रोखता येत नाही. कर्ज काढून सण करू नका, असे गाडगेबाबा कीर्तनातून आयुष्यभर सांगत राहिले, आणि त्यांनी उभारलेली धर्मशाळा याच शहरात आहे. तरीही लॉन्सचे भाडे भरण्यासाठी पर्सनल लोन काढणारी कुटुंबे दर हंगामात दिसतात.

घ्यायचेच ठरले तर

हिशेब बसत असेल आणि वस्तूची खरी आवड असेल, तर अपराधी न वाटू देता घ्यावी. यंत्राची जाण असलेल्या माणसाने चांगले घड्याळ घेण्यात गैर काही नाही, आणि येवल्याची पैठणी तरी शेवटी चारचौघांत मिरवण्यासाठीच नेसली जाते.

‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कल, मात्र टाळावी. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्यास १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर अशा वस्तूला वॉरंटी नसते, पुनर्विक्रीची किंमत नसते, आणि ओळखणाऱ्याच्या नजरेपासून लपवण्याचा ताण वर येतो. अस्सल वस्तूचे पक्के बिल, वॉरंटी कार्ड आणि खोका जपून ठेवावा. दहा लाख रुपयांहून अधिक किमतीची गाडी, घड्याळ, हँडबॅग किंवा बूट घेताना विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. पॅन क्रमांक बरोबर नोंदवला असल्यास ती रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. सराफ बाजारात सोने घेताना दागिन्यावरील सहा अंकाक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासावा. पैठणी घेताना सिल्क मार्क रेशमाची आणि हँडलूम मार्क हातमागाची खात्री देतो, हा फरक ध्यानात ठेवावा. हातमागावरील काठ-पदर उलट्या बाजूनेही तितकाच स्वच्छ दिसतो. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

वस्तू आधीच हप्त्यांवर घेतली असेल आणि हप्ते जड जात असतील, तर प्रथम कर्जाच्या करारातील मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क पाहावे. ते शुल्क आणि वस्तूची आजची विक्री किंमत यांचा मेळ बसत असेल, तर ती विकून कर्ज बंद करावे आणि बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. गाडी असल्यास आरसी पुस्तकावरील बँकेचा बोजाही आरटीओतून उतरवून घ्यावा. तो राहिला, तर पुढचा खरेदीदार व्यवहार अडवून ठेवतो.