एमएस क्लिनिकमध्ये नवे असाल तर आधी मोजायला शिका

न्यूरॉलॉजी संपवून मल्टिपल स्क्लेरोसिसकडे (एमएस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन हे आवरण खराब करणारा आजार) वळलेले बहुतेक जण आधी औषधांच्या मागे लागतात. औषधं वाचून कळतात. दोन कामं मात्र रोज करत करतच अंगवळणी पडतात: एमएसचा अटॅक खरा आहे का हे ठरवणं आणि ईडीएसएस, म्हणजे अपंगत्व मोजणारा आकडा, नीट काढणं.

नवं किंवा वाढलेलं लक्षण किमान 24 तास टिकलं, ताप-इन्फेक्शन नाही, आधीच्या अटॅकला 30 दिवस उलटलेत, तरच त्याला अटॅक म्हणा. पाय अचानक जड झाले म्हणून पेशंट आला, तर स्टिरॉइड लिहिण्याआधी लघवी तपासा. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम जात असतो; अंगातली उष्णता किंचित वाढली तरी तो अडतो आणि जुनंच लक्षण पुन्हा डोकं वर काढतं. तिथे रोज 1 ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन 3 ते 5 दिवस चढवलं, तर बळावतं ते इन्फेक्शन.

कुर्ट्झके यांची ईडीएसएस 0 ते 10 अशी जाते. 4 पासून पुढे बरंचसं चालण्यावर ठरतं: आधाराशिवाय, न थांबता 500 मीटर म्हणजे 4, 300 म्हणजे 4.5, 200 म्हणजे 5, 100 म्हणजे 5.5. तेवढ्याला काठी लागली की 6. 'किती चालता?' एवढं विचारून आकडा टाकू नका. पेशंट प्रामाणिकपणे अर्धा किलोमीटर सांगतो, पण मध्ये भिंतीला टेकलेला हात आणि दम खायला थांबणं त्याने धरलेलं नसतं. कॉरिडॉरमध्ये मीटर आखून घ्या, सोबत चाला, चपलेचा पुढचा भाग कुठे घासायला लागतो ते ऐका. हातांसाठी नऊ खुंट्यांची चाचणी आणि विचारांच्या वेगासाठी 90 सेकंदांची एसडीएमटी (चिन्हांना आकडे जुळवायची चाचणी) वेगळी करावी लागते, कारण ईडीएसएसमध्ये या दोन्ही गोष्टी फारशा उमटत नाहीत.

एमआरआयचा नुसता रिपोर्ट वाचू नका, फिल्म स्वतः बघा. मायग्रेन आणि रक्तदाबातही पांढरे ठिपके दिसतात. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष नेहमीच्या रूपातल्या अटॅकसाठी आहेत, भोंगळ तक्रारींना ते लावले की चुकीचं लेबल लागतं. मज्जारज्जूतला डाग तीन मणके किंवा त्याहून लांब असेल, तर अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या अँटिबॉडींसाठी रक्त तपासायला पाठवा. आजार एनएमओ (एमएससारखा दिसणारा, पण वेगळा आजार) निघाला तर नॅटालिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड या एमएसच्या औषधांनी तो बिघडू शकतो.

औषध सुरू करण्याआधीच्या तपासण्यांत घाई नको: नॅटालिझुमॅबआधी जेसी व्हायरस अँटिबॉडी, ऑक्रेलिझुमॅबआधी हिपॅटायटिस बी. फिंगोलिमॉडच्या पहिल्या डोसनंतर 6 तास नाडीवर लक्ष ठेवा.

संशोधनात शिरायचं असेल तर ट्रायलमध्ये ईडीएसएस काढणाऱ्या परीक्षकाचं काम मागून घ्या. उपचार करणारा डॉक्टर वेगळा आणि परीक्षक वेगळा असतो, कारण पेशंट कोणत्या औषधावर आहे हे कळलं की आकडा नकळत झुकतो. म्हणून तपासायला बसल्यावर पेशंटला पहिल्यांदा हेच सांगायचं: औषधाबद्दल किंवा त्याच्या त्रासाबद्दल माझ्याशी बोलू नका.